तेरचं संग्रहालय: कपाटातल्या वस्तू आणि गावची पांढर एकत्र कशी पाहावी?

सीनाकाठ (धागाकर्ता)

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला एक दिवस काढून जायचं आहे. चार मोठी माणसं आणि सातवी-आठवीतली दोन मुलं. मुख्य ओढ कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयाची. तिथल्या बऱ्याच वस्तू बोटभर ते वीतभर आकाराच्या आहेत. कपाटांपुढून नुसतं चालत गेलं तर पाऊण तासात सगळं उरकतं आणि हस्तिदंती बाहुलीपलीकडे काही लक्षात राहत नाही, असं जाऊन आलेल्यांकडून ऐकलं. तसं होऊ नये म्हणून जाणकारांना विचारतो.

आधी गाव बघावं की आधी संग्रहालय? खापरांत आणि मातीच्या मूर्तींत नेमकं काय निरखायचं? 'रोमन' म्हणतात त्या वस्तू कोणत्या? आणि त्रिविक्रम, उत्तरेश्वर या मंदिरांचा संग्रहालयातल्या वस्तूंशी काय संबंध?

खापरखुणा

आधी पांढर, मग संग्रहालय. निदान अर्धा तास तरी टेकाडाच्या कडेने चाला.

आपल्याकडे गावच्या जमिनीला दोन नावं: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढर. माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहिली की चुलीची राख, ढासळलेल्या भिंती, हाडं, खापरं यांचे थर साचत जातात. जमीन उंच, भुरकट आणि भुसभुशीत होते. तेरणेच्या काठाने अशी टेकाडं आहेत. ही पांढरी माती धाब्याच्या छपरांना आणि भिंतींना फार सोयीची, शेतात खत म्हणूनही चालते. त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या पांढरी गाड्या भरभरून उकरल्या गेल्या. थर उघडे पडले की पहिल्या मोठ्या पावसात मणी, नाणी, बाहुल्यांची मुंडकी धुऊन वर येतात. लामतुऱ्यांनी वर्षानुवर्षं अशा वस्तू जमवल्या, जपल्या आणि पुढे तो संग्रह शासनाच्या हाती गेला. ते नसते तर या हजारो वस्तू छपरांच्या मातीत आणि शेतांत विरून गेल्या असत्या. तेरला जाणाऱ्याने हे ऋण मनात ठेवूनच आत पाऊल टाकावं.

पण अशा संग्रहाची एक मर्यादा आहे आणि ती समजली तरच पाट्या नीट वाचता येतात. वर आलेल्या वस्तूचा थर हरवलेला असतो. ती कोणत्या जमिनीवर पडली होती, तिच्या शेजारी काय होतं, हे कळायला मार्ग उरत नाही. १९५८ साली पुरातत्त्वज्ञ बा. ना. चापेकरांनी तेरला उत्खनन केलं, पुढे १९६० आणि ७० च्या दशकांतही खोदकाम झालं. त्या उत्खननांत थरांसकट मिळालेल्या वस्तूंशी ताडून बाकीच्यांचा काळ ठरवतात. म्हणून पाटीवर 'सातवाहनकालीन' असेल तर ते साधारण इ.स.पू. दुसरं ते इ.स. तिसरं शतक असं चार-पाचशे वर्षांचं माप समजा. त्याहून नेमकं साल त्या पाटीतून काढू नका.

आता खापरं. तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, रंग कुठे बदलतो. काठ आणि आतली बाजू काळी, बाहेरची बाजू तांबडी, अशी भांडी दिसतील. हा रंग फासलेला नाही. भांडं पालथं घालून आव्यात (कुंभाराच्या भट्टीत) लावलं की आतल्या भागाला हवा मिळत नाही, मातीतलं लोह काळं राहतं. बाहेरच्या बाजूला हवा खेळते, तिथे ते तांबडं होतं. काळ्या-तांबड्याची सीमारेषा काठाखाली कुठे आहे ते बघा, भांडं राखेत किती बुडालं होतं त्याची ती खूण.

दुसरी, आतल्या बाजूचे खळगे. मोठी मडकी चाकावर पूर्ण होत नाहीत. चाकावर जाड गळा आणि अंग काढायचं, माती जरा आवळली की आतून गुळगुळीत गुंडी धरून बाहेरून थापटण्याने ठोकत अंग पातळ करायचं. बाहेरचे ठोके पुसले जातात, आतले उथळ खळगे राहतात. गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या गावात हे बघायला मिळतं याचं मला फार अप्रूप वाटतं. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं ओळखल्याची कथा ज्यांची, त्यांच्या गावी त्यांच्याआधी हजार-बाराशे वर्षं तेच तंत्र चालू होतं.

तिसरी, काठ. बुडाच्या किंवा पोटाच्या तुकड्यापेक्षा काठाचा तुकडा जास्त बोलतो, कारण भांड्याचा व्यास आणि घडण दोन्ही त्यावरून कळतात.

नाणेशोधक

'रोमन' या शब्दाबद्दल. तेरला गेलात की तो पावलोपावली कानी येईल, म्हणून आधी पाया सांगतो.

'पेरिप्लस' या इ.स. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासटिपणात दख्खनच्या दोन बाजारपेठा आहेत. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. तगराहून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई, असं त्यात म्हटलं आहे. टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथातही तगर आहे. पैठणपासून तेर खरं तर आग्नेयेला, सुमारे दीडशे किलोमीटरवर. 'पूर्वेला' या शब्दामुळे तगर म्हणजे देवगिरी, तगर म्हणजे जुन्नर असे अंदाज बरेच दिवस चालले. १९०१ साली शिलालेखांचा अभ्यासक फ्लीट याने तगर म्हणजे तेर हे नीट मांडलं आणि पाठोपाठ पुरातत्त्व खात्याचा हेन्री कझिन्स तिथे येऊन मंदिरं आणि टेकाडं पाहून गेला. पुढच्या काळातले शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' (श्रेष्ठ तगर नगराचे स्वामी) म्हणवत, म्हणजे गाव मागे पडल्यावरही नावाचा मान टिकून होता.

ग्रंथात निर्यातीचा मुख्य माल कापड आहे हे लक्षात ठेवा. कापड मातीत उरत नाही. त्यामुळे ज्या मालावर गाव मोठं झालं तो कपाटात दिसणार नाही. चात्या, सुया अशी जी कताई-शिवणाची हत्यारं असतील ती शोधा. मुलांना हे कोडं घालण्यासारखं आहे: संग्रहालयात सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती नाही?

शंखवलय

@नाणेशोधक, रोमन वस्तूंचं राहिलं की. दिव्यांचं, अम्फोरा रांजणांचं लिहा ना. मी तोवर मणी, शंख आणि हस्तिदंताचं लिहिते.

मणी बघताना रंगात अडकू नका, भोक बघा. अकीक, कार्नेलियन हे कठीण दगड एका बाजूने पूर्ण भोसकले तर दुसऱ्या तोंडाशी टवका उडतो. म्हणून दोन्ही टोकांकडून अर्धं-अर्धं भोक पाडतात. दोन भोकं मधे जुळली नाहीत तर आत पायरी राहते. पारदर्शक लालसर मणी उजेडासमोर असेल तर ही पायरी बाहेरूनही दिसते. कार्नेलियनचा लाल रंगही सगळा निसर्गाचा नसतो. पिवळट-तपकिरी दगड राखेत हळूहळू तापवला की त्यातलं लोह लाल होतं. घाईने तापवला तर दगड तडकतो. काही मण्यांवर पांढऱ्या रेघांची नक्षी असते, ती क्षाराचा लेप देऊन भाजल्याने दगडातच उतरलेली असते, खरवडून जात नाही. काचेचे मणी ओळखायचे तर आत बुडबुडे बघा. बुडबुडे भोकाला समांतर लांबट झालेले असतील तर मणी काचेची नळी ओढून, तिचे तुकडे पाडून केलेला. भोकाभोवती वळसे घेत असतील तर वितळलेली काच सळईवर गुंडाळून केलेला.

शंखाच्या बांगड्या: समुद्र तेरपासून शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी शंख इथवर आला. शंख आडवा कापत गेलं की एकेक वळं निघतं. टोकाकडचा आणि तोंडाकडचा भाग वाया जातो, मधला दांडा मण्यांना आणि खड्यांना वापरतात. एका शंखातून धड वळी थोडीच निघतात. बांगडीच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा दिसला तर ती मधल्या पडद्याची जागा. सगळ्या बांगड्या बाहेरून तयारच आल्या, का त्यांची कापणी इथे व्हायची, हे बांगडीवरून कळत नाही, कापून टाकलेल्या टाकाऊ तुकड्यांवरून कळतं. म्हणून कपाटात 'शंखाचे तुकडे' अशी कंटाळवाणी पाटी असेल तर तिथे जास्त थांबा.

हस्तिदंती स्त्रीमूर्ती: वीतभरही नाही, पण तेरचं नाव तिच्यामुळे जगात गेलं. इटलीत पॉम्पेईला १९३८ साली एका घरात अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, त्यामुळे ती मूर्ती त्याआधीची हे पक्कं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही उत्खननात तशीच, पण भंगलेली मूर्ती मिळाली. तिघींचा दागिन्यांचा भार, केशरचना, कमरेचा मेखलापट्टा यांत घराण्याचं साम्य आहे. पॉम्पेईच्या मूर्तीला डोक्यावरून खाली उभं भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ की छोट्या चौरंगाचा पाय यावर वाद आहे. तेरची मूर्ती बघताना मागची बाजू बघायला विसरू नका. वेणी आणि दागिने मागेही कोरलेले असतील तर वस्तू हातात फिरवायची होती, भिंतीला टेकवायची नव्हती. कपाटात आरसा लावलेला नसेल तर विनंती करून कडेने बघा. आणि समोर आहे ती मूळ मूर्ती की प्रतिकृती, हेही तिथल्या माणसांना विचारा. मौल्यवान वस्तू कधी तिजोरीत असतात, कधी प्रदर्शनासाठी बाहेरगावी गेलेल्या असतात.

हस्तिदंत आणि हाड यांत गल्लत होते. आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसल्या तर हाड, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा.

खापरखुणा

पांढऱ्या मातीच्या मूर्तींबद्दल लिहायचं राहिलं होतं. (ही माती म्हणजे गावची पांढर नव्हे.) पाटीवर 'केओलिन' लिहिलेलं असेल. साध्या मातीत लोह असतं, म्हणून ती भाजल्यावर तांबडी होते. केओलिनमध्ये लोह अगदी कमी, म्हणून ती पांढरी किंवा फिकट राहते. या बाहुल्या बहुतेक दुहेरी साच्यातल्या. पुढचा साचा आणि मागचा साचा वेगळा. दोन्हींत मातीची पातळ पोळी दाबायची, काठ ओले करून पातळ मातीच्या रबड्याने जोडायचे, आवळल्यावर साचा सोडवायचा आणि कडेची शिवण सुरीने तासायची. आत पोकळी राहते. तिला वाट ठेवली नाही तर भट्टीत कोंडलेली वाफ बाहुली फोडते. म्हणून बुडाला किंवा पाठीवर बारीक भोक असतं.

शिवण शोधायची जागा: कानामागे, काखेखाली, पायांच्या बाजूला. मुंडकी इतकी जास्त का आणि धडं इतकी कमी का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मान सर्वांत बारीक, तिथेच दोन्ही पोळ्या पातळ पडतात, आणि शिवणही तिथूनच जाते. धक्का लागला की मोडतं ते तिथे. शिवाय शेतात काम करणाऱ्याला नाक-डोळे असलेला तुकडा दिसतो, धडाचा तुकडा ढेकळासारखा दिसतो आणि मागे राहतो.

दुहेरी साचा रोमन जगाकडून आला असं अनेक अभ्यासक मानतात. चेहरे, अंबाडे, कर्णभूषणं मात्र पूर्णपणे इथली आहेत. बिनडोक्याची, पाय फाकवून बसलेली लज्जागौरीही याच मातीत घडवलेली दिसेल. मुलांसोबत असताना तिच्यापुढून घाईने सरकू नका. अपत्यप्राप्तीची, पिकापाण्याची देवी आहे एवढं सरळ सांगितलं की मुलं समजून घेतात.

नाणेशोधक

@शंखवलय, सांगतो. इथे तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दाखाली येतात आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

एक, खरोखर समुद्रापलीकडून आलेली वस्तू. अम्फोरा, म्हणजे दारू किंवा तेल भरून यायचे ते दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे रांजण. पण भारतात पूर्वी अम्फोरा म्हणून नोंदलेले बरेच तुकडे नंतर तपासले तेव्हा ते इराक-इराणकडच्या बिनकानांच्या 'टॉर्पेडो' रांजणांचे निघाले. त्यांची खूण म्हणजे आतून डांबराचा काळा थर. तेव्हा पाटी जुनी असेल तर 'रोमन अम्फोरा' वाचून आत काळं अस्तर आहे का ते आधी बघा.

दोन, इथे केलेली नक्कल. चोचीचे साच्यातले दिवे, उठावाची नक्षी असलेले तांबडे वाडगे, रोमन नाण्यांचे ठसे उमटवलेली मातीची पदकं. दख्खनमधल्या सातवाहन स्थळांवर ही पदकं मिळतात. त्यांना भोक किंवा कडी असते, म्हणजे ती गळ्यात घालायची होती, खर्चायची नव्हती. सम्राटाचं चित्र दागिना झालं.

तीन, रोमनशी काही संबंध नसताना ते नाव चिकटलेली वस्तू. आतल्या तळाला बारीक टिंबांच्या गोल पट्ट्या असलेली पातळ राखाडी-काळी थाळी, हिला पूर्वी सर्रास रोमन म्हणत. ती भारतातच, पूर्वेकडच्या भागात होत असे हे आता मान्य आहे.

पाटीवर 'रोमन' दिसलं की या तीनपैकी काय, हा प्रश्न विचारायचा. माझ्या मते दुसरा प्रकार सर्वांत मोलाचा. आयात वस्तू पैसेवाल्याच्या घरी येते. नक्कल करायची म्हणजे गावच्या कुंभाराने ती हातात घेऊन नीट पाहिलेली असते, आणि त्याला गिऱ्हाईकही असतं.

वीटबंदी

इथे मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. 'दुहेरी साचा रोमन' हेही पाटीवरच्या 'रोमन'सारखंच सावधपणे घ्यावं. तंत्र बाहेरून आलं असेल, पण केओलिनची निवड, पोकळ मूर्तीला वाट ठेवण्याची सवय, हे मातीकाम आधीपासून पक्कं असल्याशिवाय एका पिढीत जमत नाही.

आता मंदिरं. संग्रहालयानंतर त्रिविक्रम मंदिर, मग उत्तरेश्वर.

त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे. मागून बघायला सुरुवात करा. मागची भिंत अर्धगोल आणि वर गजपृष्ठासारखं घुमटी छप्पर. लेण्यातलं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, डोंगरातून बाहेर काढून उभं केलं तर असंच दिसेल. पुढच्या बाजूला वर चैत्यकमानीचा आकार आहे. पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला. आंध्रातल्या चेजर्ला इथलं कपोतेश्वर मंदिर याच जातीचं. असं विटांचं, उभं राहिलेलं बांधकाम फारच थोड्या ठिकाणी आहे. मूळचं बौद्ध चैत्यगृह आणि नंतर आत विष्णू आला, हे मत जुनं आणि प्रचलित आहे. सुरुवातीपासून मंदिरच, असंही काही मानतात. भिंतींवर चुन्याचे लेपांवर लेप चढले आहेत, त्यामुळे वीट सगळीकडे दिसत नाही. जिथे लेप सुटला आहे तिथे विटेची लांबी नजरेने मापा. जुन्या विटा आजच्या नऊ इंची विटेपेक्षा बऱ्याच लांब आणि लांबीच्या मानाने जाडीला कमी असतात.

उत्तरेश्वराची कोरीव लाकडी द्वारचौकट संग्रहालयात आहे, हा तुमच्या प्रश्नातला दुवा. मंदिर साधारण सहाव्या-सातव्या शतकातलं मानतात. इतकं जुनं लाकूड आपल्या हवेत टिकणं दुर्मीळ. वाळवी, पावसाची ओल आणि जमिनीतून वर चढणारं पाणी, तिन्ही लाकडाचे वैरी. आधी चौकट बघा, तिच्या शाखा (चौकटीवरच्या उभ्या कोरीव पट्ट्या) मोजा, मग मंदिरात जाऊन ती कुठे बसत असेल ते ताडा. उलट क्रमाने गेलात तर नुसतं रिकामं दार दिसेल.

सीनाकाठ

फार छान माहिती मिळते आहे. तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात असं ऐकलं, ते खरं का? आणि मुलांना हातात घेऊन करता येईल असं काही सुचवा. संग्रहालयात तर कशालाच हात लावता येणार नाही.

वीटबंदी

खरं आहे. मंदिरांच्या काही विटा इतक्या हलक्या आहेत की तरंगतात. मातीत भाताचं तूस किंवा तसला भुसा भरपूर मिसळायचा. भट्टीत तो जळून जातो आणि वीटभर बारीक पोकळ्या राहतात. एक घन सेंटिमीटर विटेचं वजन एक ग्रॅमच्या आत आलं की वीट तरंगणारच. फायदा शिखराला: वरचा भार कमी, खालच्या भिंतींवर ताण कमी. तोटा असा की अशी वीट पाणी शोषते, वरचा चुन्याचा लेप गेला की झिजते. म्हणून कृपा करून मंदिरातली सुटी वीट उचलून पाण्यात टाकून बघू नका. एकाने बघितली की दुसरा बघतो, आणि भिजलेली वीट परत जागेवर जात नाही.

घरी करून बघा: एक भाग मातीला आकारमानाने एक भाग तूस, दुसऱ्या गोळ्यात अजिबात नाही. दोन्हीच्या आगपेटीएवढ्या विटा पाडून सावलीत आठवडाभर वाळवा आणि ओळखीच्या कुंभाराच्या आव्यात लावून घ्या. उन्हात वाळवल्या तर वरची साल आधी आकसते आणि चिरा पडतात. चुलीत भाजल्या तर आतपर्यंत तापत नाहीत, भुसा अर्धवट जळून मधे काळा गाभा राहतो. जुन्या खापरांच्या मोडीतही असा काळा गाभा दिसतो, कारण तेच. आपली वीट तरंगलीच नाही तर दोन्हींचं वजन करून फरक काढा.

खापरखुणा

मुलांसाठी काठावरून व्यास काढणं. पुरातत्त्वाचे विद्यार्थी पहिल्या वर्षी हेच शिकतात. घरचं फुटलेलं मडकं घ्या. मोठ्या कागदावर एकाच केंद्राभोवती एकेक सेंटिमीटरच्या अंतराने वर्तुळं काढा, चार ते वीस सेंटिमीटर त्रिज्येपर्यंत. काठाचा तुकडा पालथा करून सपाट पाटावर ठेवा आणि काठाखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत कलवा. हा त्याचा खरा कल. तोच कल ठेवून कागदावर सरकवा, कोणत्या वर्तुळाशी कड जुळते ते बघा. चूक बहुतेक वेळा कल सुटल्याने होते, मग वाडगा परात होऊन बसतो. तुकडा वर्तुळाच्या विसाव्या भागाहून लहान असेल तर उत्तरावर विश्वास ठेवू नका. हे घरी एकदा केलं की मुलं संग्रहालयातल्या काठांकडे वेगळ्या नजरेने बघतात.

भिंगवाला

बघण्याच्या साधनांबद्दल थोडं. हातातलं भिंग काचेच्या कपाटापुढे कामाचं नाही. तिप्पट भिंगालाही वस्तू साधारण आठ सेंटिमीटरवर लागते, कपाटात ती वीत-दोन वीत आत असते. अर्ध्या मीटरवर फोकस होणारी, फुलपाखरं बघायची छोटी दुर्बीण न्या, मण्याचं भोकही दिसतं. ती नसेल तर मोबाइलचा झूम. फोटोची परवानगी आधी विचारा. मिळाली तर फ्लॅश बंद ठेवून कॅमेऱ्याचं भिंग काचेला टेकवा आणि गडद कपडे घालून जा, पांढरा सदरा काचेत उमटतो. शिवण आणि खळगे समोरच्या उजेडात दिसत नाहीत, तिरप्या उजेडात दिसतात. बॅटरी चालत असेल तर एकाने बाजूने धरावी, दुसऱ्याने समोरून बघावं. हस्तिदंतावर आणि लाकडावर बॅटरी रोखून ठेवू नका.

शंखवलय

नाण्यांचं कोणी लिहिलं नाही. सातवाहनांची नाणी शिशाची आणि पोटीनची जास्त. पोटीन म्हणजे तांबं, कथील, शिसं यांची मिसळ. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिकाच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं, तेच 'उज्जयिनी चिन्ह'. कडेने ब्राह्मी लिपीत, प्राकृतात लेख: 'रञो सिरि सातकणिस', म्हणजे श्री सातकर्णी राजाचं. अख्खा लेख एका नाण्यावर क्वचित मिळतो, कारण ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा आणि कडेची अक्षरं बाहेर पडायची. म्हणून चार-पाच नाणी शेजारी ठेवून लेख जुळवतात. तुम्हीही तसंच करा, एका नाण्यावर 'रञो', दुसऱ्यावर 'सिरि' सापडतं.

नाणेशोधक

आणि एक कळकळीचं सांगणं. शिशाचं जुनं नाणं घरात असेल तर चिंच, लिंबू, व्हिनेगर लावून कधीही घासू नका. तांब्याची भांडी चिंचेने उजळतात म्हणून लोक शिशावरही तेच करतात. सेंद्रिय आम्ल शिसं खातं, लेख जातो. लाकडी पेटीतही ठेवू नका, लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनेही शिशावर पांढरी पूड धरते. ती पूड विषारी आहे, फुंकू नका, हाताळल्यावर हात धुवा.

पांढरीवरचा

जाण्याचं. तेर धाराशिव शहरापासून वीसेक किलोमीटर. लातूर-कुर्डुवाडी रेल्वेमार्गावर तेर स्टेशन आहे, पूर्वी इथे बार्शी लाइट ही नॅरोगेज रेल्वे होती. पण गाड्या मोजक्या, त्या दिवसाच्या वेळा आणि परतीची गाडी बघूनच ठरवा. सहा जण असाल तर धाराशिवहून वाहन सोयीचं. शासनाची संग्रहालयं सोमवारी आणि काही सरकारी सुट्ट्यांना बंद असतात, शिवाय कामासाठी एखादं दालन बंद असू शकतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास गोरोबाकाकांची यात्रा असते. यात्रा बघायची असेल तर जरूर या, पण संग्रहालय शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा.

क्रम असा ठेवा: सकाळी उन्हाआधी टेकाडाची कड, मग संग्रहालय किमान दोन तास, त्यात मुलांना मधे पंधरा मिनिटं बाहेर सोडा. दुपारी त्रिविक्रम, उत्तरेश्वर, शेवटी तेरणेकाठी गोरोबाकाकांचं मंदिर. धाराशिव लेणी त्याच दिवशी कोंबू नका.

सीनाकाठ

क्रम ठरला. टेकाडावर चालताना मुलांना एखादं खापर किंवा मणी दिसला तर? उचलणारच ती.

खापरखुणा

उचलू देऊ नका, हे निघण्याआधीच सांगून ठेवा. बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा. फोटोत मापासाठी पेन किंवा नाणं शेजारी ठेवा, एक फोटो जवळून, एक मागचं झाड किंवा घर दिसेल असा लांबून. नाणं, मूर्ती, मणी असं काही असेल तर धुऊ नका, माती तशीच राहू द्या आणि संग्रहालयात जाऊन फोटो आणि जागा दाखवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते.

मुलांना कायद्यापेक्षा हे पटतं: खापर जागेवर असेल तर ते त्या जागेबद्दल सांगतं, खिशात गेलं की नुसतं खापर उरतं. लामतुऱ्यांच्या काळी माती गाड्यांनी उचलली जात होती, तेव्हा वस्तू उचलणं म्हणजेच वाचवणं होतं. आज टेकाडात जे थर शिल्लक आहेत ते जागेवर राहिले तरच पुढच्या उत्खननात कपाटातल्या वस्तूंना त्यांचा काळ परत मिळेल.

सीनाकाठ

समजलं. दुर्बिणीची सोय झाली, फुटका माठही मिळाला, वर्तुळांचा कागद आज काढतो. @वीटबंदी, तूस बारीक चाळून घ्यायचं की तसंच?

वीटबंदी

तसंच घ्या, फक्त खडे काढा. बारीक दळलेलं तूस मातीत चिकटून बसतं, पोकळी लहान पडते. माती मात्र चाळा आणि भिजवून एक रात्र झाकून ठेवा, नाहीतर तूस सगळीकडे सारखं मिसळत नाही आणि वीट एका बाजूने वाकते.